तिथी ठाऊक होती, दुखणे नव्हते : एंडोमेट्रिऑसिसचा इतिहास, नाशिकच्या वाटेने

नाशिकजवळ एके काळी ‘पेची-फिप्सन सॅनिटेरियम’ नावाचे आरोग्यधाम होते, स्त्रिया आणि मुलांसाठी. द्राक्षे, कुंभमेळा आणि काळाराम मंदिर यांच्या गर्दीत हे नाव आज फारसे कोणाच्या कानावर येत नाही. मात्र त्या नावातील पहिली व्यक्ती, डॉ. एडिथ पेची, हिचा पत्ता लागला की महाराष्ट्रातील स्त्रीआरोग्याच्या इतिहासाचा एक दरवाजा उघडतो. त्याच दरवाजाआड एक आजार उभा आहे. तो तिच्या काळातही होता, पण त्याला नाव नव्हते.

तो आजार म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढू लागतात : अंडाशयावर, गर्भनलिकांवर, आतड्यावर, मूत्राशयावर, पोटाच्या आतील पातळ आवरणावर. महिन्याच्या चक्रातील संप्रेरकांना या पेशीही प्रतिसाद देतात. पाळीचे रक्त अंगाबाहेर जाते. या पेशींतून झिरपलेले रक्त आतच राहते. त्या जागी दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना, हा आजार आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी चार ते बारा वर्षे जातात.

एवढी वर्षे का लागतात, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाइतकेच इतिहासातही शोधावे लागते.

एडिथ पेचीचा जन्म १८४५ सालचा, इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातला. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासासाठी शिरलेल्या पहिल्या स्त्रियांच्या तुकडीत ती होती. रसायनशास्त्राच्या परीक्षेला पहिल्यांदाच बसलेल्यांत ती सर्वांत वर आली. परंतु त्या गुणांवर मिळणारी होप शिष्यवृत्ती तिला नाकारण्यात आली, कारण ती स्त्री होती. पुढे विद्यापीठाने या स्त्रियांना पदवीच नाकारली. पेचीने स्वित्झर्लंडमधील बर्न येथून १८७७ मध्ये एम.डी. मिळवली.

मुंबईत त्याच सुमारास एक वेगळी हालचाल सुरू होती. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा घरात कण्हत पडणे अनेक स्त्रियांना पत्करावे लागे, आणि सनदी स्त्री-डॉक्टर तर शहरात नव्हतीच. सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली. १८८३ च्या अखेरीस पेची मुंबईत उतरली आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळाली तेही १८८६ हेच साल.

१८८९ मध्ये पेचीने हर्बर्ट फिप्सन यांच्याशी विवाह केला. फिप्सन हे मद्याचे व्यापारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या उभारणीतले महत्त्वाचे गृहस्थ. नाशिकच्या आरोग्यधामाला या दांपत्याचे नाव आहे. १८९० मध्ये पेचीने मुंबईतील हिंदू समाजापुढे बालविवाहाविरुद्ध व्याख्यान दिले. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा झाली. रखमाबाईंना लंडनला जाऊन डॉक्टर होण्यासाठी ज्यांनी पाठबळ दिले, त्यांत पेचीही होती.

पेचीने एंडोमेट्रिऑसिस ओळखला होता असे येथे मुळीच म्हणायचे नाही. तो ओळखण्याची साधने तिच्या हाती नव्हती, आणि शब्दही नव्हता. तिच्या पिढीने केलेले काम वेगळे होते : मराठी मुलखातील स्त्रीला आपले पोट का दुखते हे सांगायला एक माणूस मिळवून दिले. या आजाराच्या बाबतीत ती पहिली पायरी होय. एंडोमेट्रिऑसिसचे निदान हातात उपकरण घेण्याआधी प्रश्न विचारण्यापासून सुरू होते. दुखते कधी? पाळीच्या किती दिवस आधी? शौचाच्या वेळी दुखते का? समागमाच्या वेळी?

येथे महाराष्ट्राच्या घराघरांतील एक विसंगती लक्षात घ्यावी लागेल.

जुन्या घरात पाळी ही गुप्त गोष्ट नव्हतीच. ‘कावळा शिवला’ म्हटले की अंगणातल्या पोरासोरांनाही कळे. बाई दूर बसे, तिचे ताट-तांब्या वेगळे, चौथ्या दिवशी न्हाणे. घरातल्या म्हातारीला कोणत्या सुनेची तिथी कधी, हे पंचांग न उघडता सांगता येई. ऋषिपंचमीचे व्रत तर विटाळाच्या काळात नकळत घडलेल्या दोषांच्या परिमार्जनासाठीच. म्हणजे या समाजात पाळीच्या तारखेची नोंद अत्यंत काटेकोर होती. पण ती नोंद शिवाशिवीसाठी होती. त्या चार दिवसांत कोपऱ्यात बसलेल्या बाईला किती दुखते, हा प्रश्न त्या नोंदीत बसत नव्हता. ज्या आजाराची ओळखच ‘केव्हा दुखते’ यावर ठरते, त्यातले ‘केव्हा’ घरादाराला पाठ होते आणि ‘दुखते’ एवढेच गळाले होते.

मग जुन्या वैद्यकाचे काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांची, म्हणजे स्त्रीरोगांची, यादी आहे. त्यांपैकी ‘उदावर्तिनी’ म्हणजेच एंडोमेट्रिऑसिस, असे समीकरण समाजमाध्यमांवर सर्रास मांडले जाते. मूळ वर्णन नीट पाहिले तर घाई लक्षात येते. उदावर्तिनीत रज कष्टाने बाहेर पडते आणि स्राव मोकळा झाला की तत्काळ आराम वाटतो. एंडोमेट्रिऑसिसची वेदना पुष्कळदा पाळीच्या आधी सुरू होते, स्राव चालू असतानाही छळते आणि काहींना महिनाभर सोडत नाही. सुश्रुताच्या यादीत समागमाच्या वेळी होणाऱ्या तीव्र वेदनेचीही नोंद आहे. प्राचीन वैद्यांनी स्त्रीच्या वेदनेला शास्त्रात जागा दिली आणि तिचे प्रकार पाडले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र आजच्या रोगाचे नाव त्यांच्या तोंडी घातल्याने ते श्रेय वाढत नाही.

आधुनिक वैद्यकातील धागा व्हिएन्नापासून पकडता येतो. १८६० मध्ये तेथील शरीरविकृतीतज्ज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की याने गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती भलत्याच जागी आढळल्याचे वर्णन केले. पुढे सहा दशके हे प्रकरण शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि प्रयोगशाळेतच रेंगाळले. १९२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील जॉन सॅम्पसन या शल्यविशारदाने अंडाशयावरील ‘चॉकलेट’ गाठींवर निबंध प्रसिद्ध केला. साचून जुने झालेले रक्त घट्ट तपकिरी होते, म्हणून ते नाव. आजही सोनोग्राफी केंद्रात ‘चॉकलेट सिस्ट’ हाच शब्द ऐकू येतो.

सॅम्पसनची युक्ती साधी होती. पाळीच्या दिवसांतच शस्त्रक्रिया केली तर पोटातील हे डाग त्याच वेळी रक्त सोडताना दिसतात. १९२७ मध्ये त्याने उपपत्ती मांडली : पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. ‘एंडोमेट्रिऑसिस’ हे नाव रूढ झाले तेही त्याच्यामुळेच. पुढे असे आढळले की उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो, आजार मात्र काहींनाच जडतो. हे कोडे शंभर वर्षांनंतरही पूर्ण सुटलेले नाही. प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता, संप्रेरके अशा अनेक दिशांनी शोध चालू आहे.

तिथीचे महत्त्व ऑल्बनीच्या शल्यविशारदाला कळले, ते असे. नाशिकच्या वाड्यातील म्हातारीला तिथी त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होती.

यानंतर या इतिहासाला एक वाईट वळण लागले. बोस्टनचे प्रतिष्ठित स्त्रीरोगतज्ज्ञ जो मीग्ज यांनी १९४० च्या दशकात असा विचार पुढे आणला की हा आजार सुखवस्तू, उशिरा लग्न करणाऱ्या, मुले लांबणीवर टाकणाऱ्या स्त्रियांत अधिक दिसतो; तेव्हा लवकर लग्न आणि लवकर मूल हा त्यावरचा उतारा. त्यांच्या खासगी रुग्णांत तो अधिक दिसत होता हे खरे. पण खासगी रुग्णांनाच नीट तपासून घेणे परवडत होते, हेही तितकेच खरे! सार्वजनिक रुग्णालयात आलेल्या गरीब स्त्रीचे पोट दुखले तर ‘ओटीपोटातील जंतुसंसर्ग’ असा शेरा पडे. १९७६ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड चॅटमन यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दुर्बिणीतून तपासण्या करून हा समज मोडला. त्यांच्यातही एंडोमेट्रिऑसिस सर्रास होता. अनेकींवर आधी जंतुसंसर्गाचा चुकीचा शिक्का बसला होता.

‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की सगळे सुरळीत होईल’ : मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुलींना दिलेला हा दिलासा आणि बोस्टनच्या तज्ज्ञाचे मत असे एका ठिकाणी येऊन मिळाले. त्यामुळे त्या दिलाशाला शास्त्राची झालर लागली. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात पाळी थांबते, म्हणून काहींची वेदना तात्पुरती कमी होते. परंतु मूल हे या आजारावरचे औषध नव्हे. शिवाय हाच आजार मूल न होण्याचे एक मोठे कारण आहे. ज्या घरात मूल हाच उपाय सांगितला गेला, तिथे मूल न झाल्याचा दोषही त्याच बाईच्या पदरी पडला.

मराठीत हे सारे बोलायला जागा तरी होती का? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिले. त्यांच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. मासिक १९५३ पर्यंत चालले. ज्या भाषेत शरीराच्या अवयवांची नावे घेणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते, त्या भाषेत मुलीने आईला काय सांगावे?

बरे, मुंबईत कौशल्याची उणीव होती असेही नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजचे गोमंतकीय डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा गर्भाशयमुखाचा टाका १९५० च्या दशकात जगभर गेला आणि आजही त्यांच्या नावानेच ओळखला जातो. परंतु प्रसूतीचा प्रश्न जितका तातडीचा होता, तितका पाळीच्या वेदनेचा मानला गेला नाही. बाळंतपणात बाई दगावते, हे सर्वांना दिसत होते. पोट धरून बसलेली बाई उद्या उठून चुलीपाशी जाईल, हेही सर्वांना ठाऊक होते.

औषधांची कहाणी थोडक्यात. १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरके देऊन शरीरात गरोदरपणासारखी स्थिती निर्माण करण्याचा मार्ग काढला. खऱ्या मुलाऐवजी गोळीने पाळी थांबवणे. १९७० च्या दशकात डॅनाझॉल आले. वेदना कमी होई, पण चेहऱ्यावर लव आणि आवाजात घोगरेपणा येई. पुढे अंडाशयाचे काम तात्पुरते थांबवणारी इंजेक्शने आली. त्यांनी ऐन तारुण्यात रजोनिवृत्तीसारखा दाह आणि हाडांची झीज होऊ शकते. आज वेदनाशामक, गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी औषधे, संप्रेरक सोडणारी तांबी-सदृश साधने आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया, अशी फळी आहे. आजार ताब्यात ठेवता येतो; कायमचा काढून टाकणारे औषध अजून नाही.

उपकरणाची कहाणी मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती थेट महाराष्ट्राच्या गावात पोहोचते.

पोटाला छोटे छिद्र पाडून आत दुर्बीण घालायची ही पद्धत स्त्रीरोगात रुजवली पॅरिसच्या राऊल पामर यांनी, १९४० च्या दशकात. भारतात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तिचा वापर सुरू केला. पोट न फाडता हे डाग प्रत्यक्ष पाहता येऊ लागले, आणि पुढे कित्येक दशके ‘दुर्बिणीने पाहिल्याशिवाय निदान नाही’ हाच दंडक राहिला.

ग्रामीण स्त्रीच्या पोटात मात्र ही दुर्बीण गेली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणजे नसबंदी, हा अर्थ खेड्यापाड्यांत इतका पक्का झाला की आजही तो शब्द ऐकल्यावर पुष्कळांना तेवढेच आठवते. शिबिरात एका दिवसात अनेक बायका, प्रत्येकीला काही मिनिटे. गर्भनलिका शोधायची, कडी घालायची, पुढची बाई. ज्या नलिकेवर कडी बसली, तिच्याच शेजारी, बोटभर अंतरावर, एंडोमेट्रिऑसिसचे डाग असू शकत होते. शिबिराचे उद्दिष्ट ते पाहण्याचे नव्हते. राज्याला त्या पोटातून मूल नको होते. त्या पोटात काय दुखते, याची चौकशी कार्यक्रमात नव्हती.

हे केवळ अनुमान आहे असे कोणी म्हणेल, त्याने गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. कामा रुग्णालय सुरू होऊन तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती. राणी बंग यांनी पुढे गावातल्या बायकांचे स्वतःच्या शरीराविषयीचे शब्द आणि समजुती टिपल्या. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘कानोसा’. या इतिहासात इतके नेमके नाव दुसरे सापडणार नाही.

आणि जिथे कानोसा घेतला गेला नाही, तिथे काय घडते ते बीडने दाखवले. ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीत पोट दुखले, अंगावरून पांढरे गेले, की गावातल्या डॉक्टराकडे जायचे. तिथे कर्करोगाची भीती आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये चौकशी केली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत कितीतरी तरुण होत्या.

त्या सगळ्यांना एंडोमेट्रिऑसिस होता असे नव्हे; बहुतेकींना नेमके काय होते, हेच कोणी शोधले नाही. आणि गंमत नव्हे तर शोकांतिका अशी की ज्यांना तो खरोखर असेल, त्यांच्यासाठी केवळ ‘पिशवी काढणे’ हा खात्रीचा इलाज नाही. हा आजार व्याख्येनेच गर्भाशयाबाहेरचा आहे. पिशवी गेली तरी आतड्यावरचा, अंडाशयावरचा डाग तिथेच राहू शकतो, आणि त्याच्यासह वेदनाही.

अलीकडच्या वर्षांत चित्र थोडे हलले आहे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी दुर्बिणीची सक्ती सैल केली : लक्षणे, तपासणी, सोनोग्राफी वा एमआरआय यांच्या आधारे उपचार सुरू करावेत, आणि चित्रात काही दिसले नाही म्हणून आजार नाहीच, असेही धरू नये. म्हणजे महत्त्व पुन्हा विचारलेल्या प्रश्नाकडे आले. शाळा किंवा काम बुडवायला लावणारी वेदना, पाळीत शौच-लघवीच्या वेळी होणारा त्रास, समागमाची वेदना, मूल न राहणे, यांपैकी काही असेल तर ‘सगळ्यांनाच दुखते’ हे उत्तर पुरेसे नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचे ते कारण आहे.

मुंबईत परळला असलेल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन-आरोग्य संस्थेने भारतीय स्त्रियांतील एंडोमेट्रिऑसिसची लक्षणे आणि जनुके यांचा देशव्यापी अभ्यास हाती घेतला. तोवर या आजाराविषयीची आनुवंशिक माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या स्त्रियांवरून घेतलेली होती. नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातील एमबीबीएसची आणि आयुर्वेदाची मुले त्याच विद्यापीठाची परीक्षा देतात. एकीकडे सॅम्पसन, दुसरीकडे उदावर्तिनी. एडिथ पेचीला ज्या पदवीसाठी देश बदलावा लागला, ती घ्यायला तिथे आज मुली रांगेत उभ्या असतात.

परळच्या त्या अभ्यासात जगभर एकसारखी ठेवलेली प्रश्नावली वापरली गेली. तिच्यात पाळीची तारीख विचारली जाते. आणि कुठे दुखते, केव्हापासून दुखते, किती दुखते, हेही विचारले जाते.